चेनसॉचा वरचा सूर

३ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण हल्लीच्या फोनांत काही दम राहिलेला नाही. माणसाचं बोलणं चाळणीतून गाळून आल्यासारखं येतं. तुझं त्यातल्या त्यात ठीक, तू शेजारी इंजिन चालू असल्यासारखाच बोलतोस. बाकीचं जग पुटपुटतं. विशेषतः बायका. तुझी अक्का होती तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून नुसतं 'चिखल!' म्हटलं की मी फाटकाशीच चपला काढायचो. आता कुठे तो खणखणीतपणा!

काळच मिळमिळीत आलाय. रातकिडे ओरडत नाहीत. शिट्टीची म्हणून किटली आणली, तर पाणी आटून बूड जळेपर्यंत गप्प. दुकानदाराशी भांडून बदलून आणली, दुसरीही मुकीच निघाली. आणि आमची बयो. आई गेल्यापासून पोरीनं बोलणंच टाकलंय बघ. मागच्या खोलीत बसून छापखान्याची मुद्रितं तपासते, घरात शब्द म्हणून नाही. मी त्या मौनावर एक कविताही केली आहे. पुन्हा कधीतरी पाठवीन. (सुटलास.)

आता मुद्दा. वादळात अंगणातलं झाड आडवं झालं, तुझी अक्का ज्याला कपड्यांची दोरी बांधायची तेच. त्याच्या खोडाचा एक बाक करावा असं मनात आहे. म्हणून जन्मात पहिल्यांदा एक यंत्र विकत घेतलं: पेट्रोलवर चालणारा चेनसॉ. कोराकरकरीत, नारिंगी. दुकानदार त्याला 'तो' म्हणतो. मी करवत म्हणतो, म्हणून माझ्यापुरती ती 'ती'.

आणि फसलो! दोरी ओढली, खटका दाबला, तर बया गुणगुणली. अरे, करवत ती! माझी शाळा लाकडाच्या गिरणीला लागून होती हे तुला मी अनेकदा, म्हणजे तुझ्या मते फारच अनेकदा सांगितलंय. पातं ओंडक्यात शिरलं की वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून म्हणायचे, "पोरांनो, हरायचं नाही!" मग सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून कविता म्हणायचा. एका बाजूला भुजंगप्रयात, दुसऱ्या बाजूला गिरणी. बहुतेक वेळा गिरणी जिंकायची. पण काय ते हरणं होतं! करवत म्हटली की माझ्या कानांना तेच हवं. ही तर अंगाई म्हणते. तिच्यावर दोन ओळी झाल्या:

कशी तू गडे लाजुनी मंद झाली
करू का तुला मी जरा जोरवाली

तू इंजिनांचा वैद्य. नव्या यंत्रातही फेरफार करून जोर वाढवता येतो असं दुकानात एकजण सांगत होता. तर करावा की न करावा?

तुझा,
भावोजी

(तळाशी, वेगळ्या अक्षरात)

मामा, पत्र टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं म्हणून ही चोरटी ओळ. ती करवत सुरू झाली की कपाटातल्या बश्या वाजतात. पलीकडच्या नर्सबाई रात्रपाळी करून दुपारी झोपतात. त्या रोज कुंपणाशी येऊन ओरडतात आणि बाबा त्यांना हसून हात करतात. कृपा करून जोर वाढवू नका.
बयो


९ फेब्रुवारी

तीर्थरूप भावोजी,

हात ग्रीसचे आहेत. कागदावर उमटलेले ठसे हाच नमस्कार समजा.

करावा की न करावा, हे तुम्ही मला विचारताय? मांजराला विचारलं, दूध सांडू का, त्यातली गत. कारखान्यातून आलं तसं एकही यंत्र मी आजवर ठेवलेलं नाही. बायकोच्या शिलाई मशीनला मोठी मोटर बसवली, तर पहिल्याच दिवशी तिनं एका दमात उशीचा अभ्रा चादरीला शिवून टाकला. तेव्हापासून मला त्या खोलीत मज्जाव आहे.

तर ऐका. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काढायची. धूर मोकळा झाला की इंजिन मोकळं. मग पेट्रोलचा स्क्रू नव्यानं जुळवावा लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. पूर्ण वेगात आवाज किंचित घोगरा हवा, म्हातारा खाकरतो तसा. स्क्रू आवळत गेलं की घोगरेपणा जातो आणि वरचा चिरका सूर लागतो. तो लागला की समजायचं, इंजिन उपाशी आहे. तिथल्या तिथे मागे फिरायचं, नाहीतर पिस्टन भाजून चिकटलाच. या कामाला काटा नाही की मीटर नाही, सगळं कानावर. पण तारमास्तरांना कान शिकवणारा मी कोण? तारेच्या नुसत्या कडकट्टवरून पलीकडच्या तारबाबूला सर्दी झालीय हे ओळखणारे तुम्ही!

मात्र घाई नको. यंत्र नवं आहे, आधी थोडं रुळू द्या. आणि आवाजाचं सोडा, भुसा कसा पडतो ते कळवा. पिठासारखा, की कपच्या? करवतीचा जोर भुशात दिसतो.

बयोला सांगा, बश्या खालच्या फळीवर ठेव. इंजिन म्हटलं की घरोघरी बश्या वाजायच्याच.

तुमचा,
मेहुणा


१६ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

बश्यांचं काय लिहिलंस ते उमगलं नाही, पण निरोप दिला. बयो एकदम लाल झाली. तुमचं मामा-भाचीचं काहीतरी असेल.

भुशाचं विचारलंस. नखाएवढ्या कपच्या उडतात, पांढऱ्याशुभ्र. पातं खोडातून लोण्यातून सुरी जावी तसं जातं. आता तू म्हणशील, मग जोर आणखी कशाला? हाच प्रश्न मी पोस्टमनला विचारला. तो म्हणाला, "आजोबा, जोर वाढवून झाड जास्त मरणार आहे का?" माणूस अरसिक, पण तर्कात चूक नाही.

तरी मन मानत नाही रे. कापणं ही कामाची गोष्ट झाली, पण रौद्ररस? तुला माहीत आहे, शाळेत मी दोनच गोष्टी शिकलो, लघु आणि गुरू, आणि पुढे तारघरात त्यांच्यावरच पोट भरलं. एक टिंब, एक रेघ. एक लघु, एक गुरू. लोकांचे जन्म, मृत्यू, नोकऱ्या, सगळं माझ्या कानातून वृत्तात गेलं. अशा कानाला ही पुटपुटणारी करवत म्हणजे अपमान आहे. सकाळी ठरवतो, राहू दे. दुपारी ती सुरू करतो आणि पुन्हा वाटतं, एकदा, फक्त एकदा तिनं गिरणीसारखं गर्जावं.

तूर्त निर्णय पुढे ढकललाय, कारण घरातला स्क्रूड्रायव्हर नाहीसा झालाय. चोरानं घरातलं नेमकं तेवढंच न्यावं, याचं नवल वाटतं.

तुझा,
भावोजी

(तळाशी)

मामा, चोर मीच. स्क्रूड्रायव्हर पिठाच्या डब्यात आहे. आता जरा गंभीर होऊन वाचा. किटलीला शिट्टी आहे. दोन्ही किटल्यांना होती. मी मागच्या खोलीतून धावत येईपर्यंत बूड गेलेलं असायचं. मी दिवसभर बाबांना हाका मारते. पोस्टमनचं बोलणं त्यांना कळतं, माझं नाही. तारमास्तरांना हे कोणी सांगायचं? माझा धीर होत नाही. तुम्ही त्यांचे लाडके.
बयो


२२ फेब्रुवारी

तीर्थरूप भावोजी,

मागच्या पत्रात मी वाहवलो. ते सगळं विसरा. जाळीला हात लावू नका आणि स्क्रूला तर मुळीच नको. लोण्यासारखं कापणाऱ्या करवतीला औषध लागत नाही.

दुसरं असं, की आपण दोघं आता तरुण नाही. माझंच सांगतो. माझा डावा कान कधीच गेलाय. गिऱ्हाईक डावीकडे उभं राहून बोललं की मी मान डोलावतो आणि भलतंच दुरुस्त करून देतो. परवा एकानं पंप आणला होता, त्याची गळती तशीच राहिली आणि रंग मात्र नवा झाला. तुमचं तसं काही आहे असं मी म्हणत नाही. सहज एक करा. किटली ठेवा आणि तिच्याकडे तोंड करून बसा. वाफ जोरात सुटली की बयोकडे बघा. ती कानावर हात ठेवते का, एवढंच पाहा.

रागावू नका.

तुमचा,
मेहुणा


१२ मार्च

मेहुणेबुवा,

तुझ्या डाव्या कानाचं ऐकून वाईट वाटलं. माझे दोन्ही उत्तम आहेत. किटल्यांकडे तोंड करून बसण्याइतका मी अजून रिकामा झालेलो नाही.

करवत पार्सलनं पाठवली आहे. चालता चालता आपोआप बंद पडली. हवामानाचा परिणाम असावा. वेळ मिळेल तेव्हा बघ.

बाकी सर्व ठीक.

भावोजी

(तळाशी)

मामा, सावकाश दुरुस्त करा. नाही केलीत तरी चालेल.
बयो


२० मार्च

तीर्थरूप भावोजी,

करवत उघडली. हवामानानं सायलेन्सरची जाळी काढून भोक कानशीनं घासलेलं दिसतं. हवामानानं पेट्रोलचा स्क्रूही आवळलाय, इतका की मला तो सोडवताना चिमट्यानं धरावा लागला. पिस्टन भाजून चिकटलाय. वरचा सूर लागल्यावरही बराच वेळ कोणीतरी ती रेटत होतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. चूक माझीच, कृती लिहून मीच पाठवली. पण साखळीच्या कव्हराचे नट काढले तर आत निळी लोकर निघाली. चाकाभोवती घट्ट गुंडाळलेली, चांगली मूठभर.

भावोजी, झाडाला लोकर येत नाही. कोणाचा स्वेटर?

जेवण जात नाहीये. लगेच लिहा.

मेहुणा


२५ मार्च

प्रिय मेहुणेबुवा,

स्वेटर बयोचा. बाही कोपरापर्यंत गेली. हाताला ओरखडाही नाही. हे आधी लिहिलं, म्हणजे तू जेवून मग पुढचं वाचशील.

स्क्रूड्रायव्हर सापडेना, तेव्हा तुझ्या अक्काच्या शिलाई मशीनच्या खणात तिचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर मिळाला. मला वाटलं, हा तिचाच आशीर्वाद! ती असती तर तो तिनं माझ्या हातात न देता डोक्यात घातला असता. तुझं दुसरं पत्र आलं होतं, पण मी पहिलंच उशाशी ठेवलं. माणूस आपल्याला हवं ते पत्र जपतो.

जाळी काढली, स्क्रू आवळत गेलो. वरचा सूर आला की मागे फिरायचं, असं तू लिहिलं होतंस. मी त्याची वाट पाहत राहिलो. आणखी थोडा आवळला, आणखी थोडा. सूर काही येईना. कुंपणाशी नर्सबाई दोन्ही हात वर करून हलवत होत्या. मला वाटलं, दाद देताहेत. मी मान लववून ती स्वीकारली.

बयो फाटकापासून हाका मारत येत होती, असं तिनं नंतर लिहून दाखवलं. शेवटी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकून गर्रकन वळलो, हातात करवत चालू. बाही साखळीत गेली आणि त्याच क्षणी इंजिन चिकटलं. खाडकन सगळं थांबलं.

म्हणजे बघ, ज्या अकलेनं यंत्र मारलं, तिच्याचमुळे पोरगी वाचली. या अकलेचा सत्कार करावा की तिला जोड्यानं मारावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बयो तिथेच गवतावर बसली. तिचे ओठ हलत होते. इंजिन बंद, वारा पडलेला, मी तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ती रडतेय की शिव्या देतेय, हे मला तिच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागलं. (शिव्याच होत्या, असं ती आता सांगते. छापखान्यात शिकली म्हणे.)

पोरगी इतके दिवस बोलत होती रे, आणि मी तिच्या मौनावर कविता करत होतो. किटल्या शिट्ट्या मारून मारून मेल्या. रातकिडे आपल्या जागी आहेत. सगळ्या जगाचा आवाज बसला हे मला चटकन पटलं. एका म्हाताऱ्याचे कान गेले एवढी साधी गोष्ट काही सुचली नाही.

हे सगळं कळूनही दवाखान्याकडे पाऊल उचलत नाही. बयो रोज चपला पुढ्यात ठेवते आणि मी त्या उचलून जागेवर ठेवतो. कानांवर जन्म काढला. ते काढून घेतले तर तारमास्तरांतून उरतं काय? एक चष्मा आणि एक छत्री. हे मी तिला सांगू शकत नाही. तुला सांगतोय.

तुझा,
भावोजी


१० एप्रिल

तीर्थरूप भावोजी,

जेवून वाचलं. तरी घास परत यायच्या बेतात होता.

करवत दुरुस्त झाली. नवा पिस्टन, नवी जाळी, स्क्रू कारखान्यात होता त्या खुणेवर. माझ्या हयातीत मूळच्यासारखं करून ठेवलेलं हे पहिलं यंत्र. वर्कशॉपातली माणसं बघायला आली होती.

पण ती मी अशी पाठवणार नाही. तुम्ही कान दाखवून आलात की पार्सल निघेल. आणि तुम्हाला एकट्याला पाठवून मी मजा बघणार नाही, मी पण माझा डावा कान दाखवतो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं. तुमच्या डाव्या बाजूला झोपून मी काय काय बोलले ते आता ऐका." तेव्हा भिण्यासारखं मलाच जास्त आहे.

आणि तारमास्तरांतून काय उरतं म्हणता? अक्का गेली तेव्हा घरात मला कोणाशी बोलता येत नव्हतं. तुम्ही शेजारी बसून टेबलावर बोटानं नुसतं टकटक करत होतात. मला तुमची ती भाषा येत नाही. तरी कळलं होतं. त्याला कान लागले नाहीत, ना तुमचे ना माझे.

चपला घाला.

मेहुणा


५ मे

प्रिय मेहुणेबुवा,

दोन्ही यंत्रं पोचली. एक खोक्यातून, एक कानांतून.

दवाखान्यात मला एका बंद पेटीत बसवलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी विचार केला, बटण दाबण्यात आपला हात कोण धरणार? तारघरातल्या सफाईनं दाबत सुटलो. शेवटी डॉक्टरीणबाई आत आल्या आणि कागदावर लिहून दाखवलं, "आजोबा, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं." जन्मभर आलेल्या तारा घेतल्या, न आलेल्या घेण्याची ही पहिलीच वेळ. बयो इतकी हसली की तिला बाहेर पाठवावं लागलं.

यंत्र लावून घरी आलो तर घर नव्हेच ते, बाजार! चपला बोलतात. वर्तमानपत्र उलटलं की छप्पर कोसळल्याचा भास होतो. माझे गुडघेसुद्धा मत देतात. किटली शिट्टी मारायला लागली तेव्हा मी आणि बयो दोघंही धावलो आणि दारात आपटलो.

आणि बयो! अरे, ती अबोल कसली! मुद्रितं तपासताना लेखकांशी भांडते. "अरे गाढवा, वाक्य संपव की!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच. भांडून दमली की गुणगुणते. काय, ओळख? मी तिला लहानपणी घोकून घेतलेल्या शाळेतल्या कविता, त्याच चालीत, लघु-गुरू जागच्या जागी. तिसरीतल्या एका कवितेत ती अजून तीच चूक करते. दाराआड उभा राहून ती चूक ऐकली. सुधारली नाही.

करवतीचं सांगायचं राहिलं. तू बजावल्याप्रमाणे ऐकण्याचं यंत्र काढून तू करवतीसोबत पाठवलेली, आवाज अडवणारी कानपट्टी लावायची, हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, एकदा ऐकून तर घेऊ. दोरी ओढली. पुढचं मला नीट आठवत नाही. बयो म्हणते, मी पाण्याच्या टाकीमागे सापडलो. गुरुजी, माफ करा, मी हरलो. आणि हे मी रोज दुपारी नर्सबाईंच्या उशाशी करत होतो! त्यांच्याकडे जाऊन हात जोडले. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता. वर हसून हातही करायचात!" आता त्या कामाला निघाल्या की संध्याकाळी कापतो. बाक झालाय. एका बाजूला कलतो. मी कललेल्या बाजूला बसतो.

तेव्हा जुना प्रश्न निकालात काढ. जोर वाढवायचा नाही. नवा प्रश्न असा:

अहाहा कशी गर्जना कानि आली
करू का तुला मी जरा मौनवाली

सायलेन्सरला आणखी एक सायलेन्सर बसतो का रे? सहज विचारतोय. स्क्रूला हात लावणार नाही. अक्काचा स्क्रूड्रायव्हर खणात परत ठेवलाय.

तुझ्या डाव्या कानात काय काय ऐकू आलं ते कळव. लिहिण्यासारखं असेल तेवढंच.

तुझा,
भावोजी

(तळाशी, वेगळ्या अक्षरात)

मामा, सायलेन्सरबद्दल काहीही कळवू नका! सायलेन्सर करायला रिकाम्या डब्याला भोकं पाडायची, तर खिळा कुठे मिळेल असं ते आत्ताच पोस्टमनला विचारत होते. आणि तिसरीतल्या कवितेतली ती चूक मी मुद्दाम करते. लहानपणापासून. ती केली की ते हातातलं काम टाकून सुधारायला यायचे. बरेच दिवस आले नाहीत म्हणून
(ओळ इथेच तुटलेली, खाली पुन्हा भावोजींचं अक्षर)

ही ओळ लिहिताना मागच्या खोलीत आधी कोणीतरी फिसकन हसलं आणि मग नाक ओढलं. दोन्ही ऐकू आलं, म्हणून जाऊन पाकीट काढून घेतलं. मेहुणेबुवा, फेब्रुवारीपासूनची माझी सगळी पत्रं घेऊन इकडे ये. वरचं मला पाठ आहे. तळाचं वाचायचंय.

आता थांबतो. बयो पुन्हा गुणगुणतेय, आणि ती जागा जवळ आलीय. सुधारायला जातो.